सात कंडेन्सर

नवतपाचा, मे-अखेरच्या भाजून काढणाऱ्या नऊ दिवसांतला, तिसरा दिवस. बरोबर बाराला भागीरथाबाईंच्या रांझीतल्या घरचा कूलर घों घों करून बसला. पाणी चढत होतं, खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या ओल्या होत्या, पंखा तेवढा फिरेना. समोर खाटेवर मोतीराम, त्यांचा नवरा. फॅक्टरीत तीस वर्षं वायरमन, आता लकव्याने उजवं अंगही गेलेलं अन् वाचाही. सकाळपासून ताप चढलेला. खोली थंड ठेवा, नाहीतर माणूस हातचा जाईल, असं डॉक्टरने बजावून ठेवलं होतं.

भागीरथाबाईंनी जाळीतून काडी घालून पातं ढकललं. दोन गिरक्या, की ठप्प.

"कंडेन्सर गेला," त्या म्हणाल्या. पंख्याला पहिला धक्का देणारी ती एवढीशी डबी. वायरमनचा संसार केलेल्या बाईला एवढं कळणारच.

मुलगा अश्वजीत ड्यूटीवर, त्याचा मोबाइल फॅक्टरीच्या गेटवर जमा. शेजारी कुलूप. त्यांनी अधारतालच्या बँकेत सुनेला फोन लावला. तिने मिस्त्रीला विचारून लगेच उलट फोन केला.

"आई, मिस्त्री तर परसों म्हणून राहिला," दीक्षा म्हणाली. "मी येतानी नवा घेऊन येते ना, पाच वाजतीन."

"पाचपर्यंत हा माणूस शिजून जाईन! अन् नवा काहून? घरात सात पडले हायेत."

या घरातलं मिक्सर म्हणू नका, इस्त्री म्हणू नका, कधी दुकानात गेलंच नव्हतं. गल्लीत कुणी नवं आणलं की "आले मोठे साहेब" म्हणून भागीरथाबाई त्याला उभा सोलत.

त्यांनी सुट्या भागांचा डबा उपडा केला अन् हात थबकला. मोतीरामचे डबे दोन होते. एकात चांगले सुटे भाग, दुसऱ्यात भंगारात द्यायचे मेलेले. दोन्हींवर त्याने रंगाने लिहिलेलं. बुद्धपौर्णिमेच्या साफसफाईत भागीरथाबाईंनी दोन्ही एकात ओतून अर्धे भंगारवाल्याला देऊन टाकले होते, उगाच जागा काहून अडवायची म्हणून. वाचायचं म्हटलं की त्या सगळ्यांना चष्म्याचं कारण सांगत. खरं कारण त्यांचं त्यांना ठाऊक.

बटण बंद, तारा जोड, बटण चालू. घों. दुसरा. घों. तिसरा. मधेच उठून मोतीरामच्या कपाळावरचा पंचा बदलायचा. तो ठेवल्या ठेवल्या गरम होत होता. पाचव्याची तार दोनदा सुटली. सातवाही घों करून गप्प झाला, तेव्हा त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या.

"चांगले कोणते, मेले कोणते, सांगून तर ठेवायचं होतं!" त्या ओरडल्या. अन् लगेच जीभ चावली. सांगितलं होतंच त्याने. डब्यावर.

मोतीरामने डावा हात उचलला. एक बोट वर केलं.

भागीरथाबाई ताडकन उठल्या. "वर? वर चालले काय तुमी? मले न विचारता? आतापर्यंत मले विचारल्याबिगर बाजारात नाही गेले, अन् आता... खाली करा तो हात! करा म्हणते ना!"

त्याने हात खाली केला नाही. बोट तसंच ताठ. चेहऱ्याच्या चालत्या अर्ध्या बाजूवर चक्क वैताग होता, अडाणी हेल्परवर चिडायचा तसा.

मग त्यांनी वर पाहिलं. छताचा पंखा गरम हवा ढवळत फिरत होता. फिरत होता, म्हणजे त्याचा कंडेन्सर जिवंत होता.

त्यांनी मेन स्विच पाडला. टेबलावर स्टूल ठेवलं, पदर खोचला, पेचकस दातात धरला. अडुसष्टाव्या वर्षी गुडघे कुरकुरत होते, स्टूल त्यांच्याहून जास्त. वरची वाटी सरकवून डबी काढली, एका हाताने पंख्याची दांडी धरून. उतरताना पाय टेबल शोधत हवेतच राहिला. क्षणभर त्यांना वाटलं, आपण पडलो तर या खोलीत दोघांपैकी हाक मारायला कुणीच नाही.

पाय टेकला.

तारा जोडल्या, मेन चढवला. कूलर घों करून आधी रेंगाळला, पंख्याचा कंडेन्सर लहान ना. मग पातं सरकलं, फिरलं, अन् ओली गार हवा सरळ खाटेवर गेली. मोतीरामने सुखाचा श्वास सोडून डोळे मिटले.

"आता दीक्षाले सांगू नका हं, मी स्टुलावर चढली होती म्हणून," भागीरथाबाईंनी दम दिला. आपण काय बोललो ते कळलं, तशा त्या खाटेच्या कडेला बसल्या अन् त्याचं वर केलेलं ते बोट मुठीत घट्ट धरून ठेवलं.