खैरुनबाईंची पारख

खैरुनबाईंचा विश्वास सहसा कोणावर बसत नसे, आणि त्यात त्यांची चूकही नव्हती. वडशाच्या नाटक कंपन्यांचे कपडे शिवण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. सुरुवातीला तर बाईचं काम गडीच करायचे. मिशा काढलेल्या बाप्यांना पदर घ्यायला खैरुनबाईंनी शिकवलं होतं. अशा बाईला सोंग ओळखू येणार नाही तर कोणाला?

म्हणून त्यांच्या मुलीने, तबस्सुमने, कागद पुढे केला, तेव्हा त्यांनी मजकुराआधी कड पाहिली. वरून दोन बोटं कागद कात्रीनं कापलेला होता.

"हे काऊन कापलं?"

"प्रिंट खराब आली होती, अम्मी," तबस्सुम म्हणाली, तेही खाली बघून.

साल दोन हजार सात. तबस्सुम मन्सूरभाऊंच्या दुकानात कंप्युटरवर नाटकांची पोस्टरं बनवायची. काम संपलं की तिथंच बसून आणखी एक उद्योग: कंप्युटरचे प्रोग्राम मराठीत आणायचे, त्यातल्या चुका काढायच्या, आणि ते सगळ्यांना फुकट वापरू द्यायचे. देशभरातली माणसं इंटरनेटवरून असं मिळून काम करतात म्हणे. एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं. आता त्यातलीच नागपूरची कोणी दुर्गा या कागदात लिहीत होती, या कामात बायका फार कमी आहेत, मुलींसाठी तीन दिवसांचं शिबिर ठेवलंय, भाडं आम्ही देऊ.

"फुकटचं काम, वरून भाडं, वरून पोरीच पाह्यजे!" खैरुनबाई म्हणाल्या. "कुठीतरी पाणी मुरून राह्यलं. ही दुर्गा बाई तरी होय काय?"

"मले जाचं हाय, अम्मी. इथी काही अडलं तं इचाराले कोणीच नाई."

"पाहू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदावरचा नंबर पीसीओवरून लावला. आवाज आला घोगरा. घ्या! पण खैरुनबाई आवाजावर जाणाऱ्या नव्हत्या. बाई बनलेला गडी फार लाजतो, ही त्यांची कसोटी. खरी बाई कामाच्या वेळी लाजत बसत नाही. दुर्गा "थांबा, दूध उतू चाललंय" म्हणून फोन आदळून गेली, परत आली, आणि मुली झोपणार कुठे, कडी आतून आहे का, न्हाणीघर किती लांब, हे न विचारताच सांगून मोकळी झाली. बाईच होती.

"वडशाहून बोलता?" ती म्हणाली. "तिथं तर आमचा नबील शेख आहे! दोन वर्षं काम करतोय, हिरा आहे हो. गावातली एखादी मुलगी पाठव म्हणून त्याला लिहिलं, तर म्हणतो बहीण येईल, पण तिला काही येत नाही."

नबील खैरुनबाईंचा थोरला. राजुऱ्याला ट्रकांचे टायर बदलायचा. कंप्युटरला त्यानं जन्मात हात लावला नव्हता. कापलेल्या दोन बोटांत कोणाचं नाव होतं, ते आता कळलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा! त्यांना संताप आला.

तशाच त्या दुकानात गेल्या.

"नबील शेख!" त्यांनी दारातूनच हाक मारली.

तबस्सुमने मान वर केली आणि रडायलाच लागली. "आधी माह्याच नावानं लिवलं होतं, अम्मी. एकानं फोटो मांगितला, एकानं लग्न झालं का इचारलं. काम कोणी उघडूनई नाई पाह्यलं. मंग तेच काम भाईच्या नावानं पाठवलं, तं दुसऱ्याच दिवशी घेतलं."

"आन् आता तिथी जाऊन सोताचंच काम दुसऱ्याकून शिकशीन?"

"खरं सांगितलं तं खोटारडी म्हणून काढून टाकतीन. दोन वर्षं पाण्यात जातीन."

जातीलही, खैरुनबाईंना वाटलं. लोकांचा काय भरवसा! पण खेळ संपल्यावर सोंगाचे कपडे घालून घरी गेलेला एकही नट त्यांनी पंचवीस वर्षांत पाहिला नव्हता.

"लिही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांले जाईन असं. पुरं नाव टाक."

तबस्सुमने लिहिलं. दोघी पडद्याकडे बघत बसल्या. अर्ध्या तासानं पहिलं उत्तर आलं, कोणा पुरुषाचं. तबस्सुमने वाचून दाखवलं: "मग नबील कुठे गेला? त्याचं काम छान होतं. ते आता कोण करणार?"

तिचा चेहरा पार उतरला. खैरुनबाईंनी गळ्यातला टेप काढून मांडीवर ठेवला.

"लिही त्याले, नबील कपड्याच्या पेटीत ठेवला. काम करणारी इथीच बसून हाय," त्या म्हणाल्या. "आन् दुर्गाले लिही, आमी दोघी येऊन राह्यलो. माही पोरगी शिकवाले येते म्हणा."