मला दुरुस्त करू नका

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पन्हळ आहे. मोताळ्याकडच्या एका गावात, विहिरीच्या ओट्यावर तिरपी टेकून असते. जुन्या वस्तू आपली हेळसांड झाली म्हणून रडतात. माझं रडणं उलटं आहे. या लोकांनी माझी फार निगा राखली हो!

मोताळ्याच्या बाजारात एका पत्रेवाल्यानं मला वाकवलं. एखाद्या घराच्या वळचणीला लागावं, पागोळ्या झेलाव्या, हौद भरावा, म्हणून त्यानं मला घडवलं होतं. पण आमच्या भगवंतराव पाटलांच्या वडिलांनी मला उचललं. म्हणाले, "इहिरीवर लावाची आहे. वरतून पाणी टाकलं का पल्याड पडलं पाह्यजे. शिंतोडा नाही आला पाह्यजे."

ज्यांचा स्पर्श गावाला चालत नसे, अशा लोकांच्या वस्तीतल्या बाया ओट्याखाली उभ्या राहत. दोराला हात लावायची त्यांना मनाई. कोणी वरची बाई आली, तिच्या मनात आलं, की ती पोहरा ओढून माझ्यात ओती. खालच्या टोकाशी घागर भरे. माझ्याआधी शिंतोडे उडत आणि वरच्या बायांना पुन्हा अंघोळ करावी लागे. मी ती चिंता मिटवली. माझं केवढं कौतुक झालं! वरच्या आळीतल्या अन्नपूर्णाबाई तर एकादशीचा निर्जळी उपास असला तरी देवाचं नाव घेत पाणी घालत. बाई मनानं वाईट नव्हत्या. माझ्यातून ओतलेलं पाणी त्या पुण्य समजत, हेच मला सलत असे.

खाली सोजराबाईची आई वाकून म्हणे, "घाला वं माय घागरभर." मग सोजराबाई तेच म्हणू लागली. मग तिची सून. शब्द तेच, वाकणंही तेच. कोणाला शेत मिळतं, कोणाला घर. या घराण्यात हे वाकणं वारशानं आलं. मग शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला, महाराष्ट्र झाला, शाळेत पेढे वाटले. त्या दिवशीही माझ्यातून पाणी वाहत होतंच.

मला मात्र एक आशा होती. गंजाची! माझ्या सांध्याला भोक पडलं होतं. निम्मं पाणी वाटेतच गळे. वाटायचं, अजून थोडं, मग मी मोडेन.

तेवढ्यात दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजची मुलं श्रमदानाला आली. पोरं गुणी होती. रस्ते झाडले, संध्याकाळी पारावर नाटुकलं केलं. त्यांच्यातला तुळशीराम नावाचा उंच मुलगा भाषणात म्हणाला, "अन्याय एका माणसावर होतो, पण त्याची झळ नातवंडांपर्यंत जाते!" मला इथवर ऐकू आलं. मी म्हटलं, आला बाई माझा सोडवणारा.

दुसऱ्या दिवशी भगवंतराव त्याला घेऊन आले. "पोरहो, हे पन्हळ गळून राह्यली. गरीब बायायले लय तरास होते. एवढं पुण्याचं काम करा."

आणि मित्रांनो, त्यांनी ते केलं! कोणा एकानंही विचारलं नाही, की दोर असताना पन्हळ कशाला. मला मोताळ्याला पत्रेवाल्याकडे नेलं, भोक बुजवलं, हिरवा रंग दिला आणि पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, 'आपण सारे एक'. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

मग समारंभ. अन्नपूर्णाबाई पोहरा घेऊन वर. सोजराबाईला पहिली घागर भरायला बोलावलं. ती आली, सोबत नात इंदू. म्हातारीनं मला न्याहाळलं.

"अगं माय! एवढी सजवली, का लगन लावाचं आहे इचं?"

पोरं हसली. तुळशीराम म्हणाला, "आजी, तुमच्यासाठीच केलं. आता थेंबही सांडणार नाही."

"थेंबाचं काऊन सांगतं रे बाबू? परवा तूच म्हणे ना, नातवंडायपर्यंत झळ जाते? हे माही नात. माह्या मायनं या पन्हळीखाली घागर धरली, म्या धरली, माह्या सुनेनं धरली. आता तू माह्या नातीसाठी नवी करून देली."

तुळशीरामचं तोंड उतरलं. भगवंतराव ओरडले, "सोजरे, कार्यक्रमात खोडा नोको घालू!" तिच्या लेकाच्या वयाचा माणूस, पण हाक अशीच.

सोजराबाईनं घागर उचलून इंदूच्या कडेवर दिली. "जाय वं वर. दोर धर."

इंदू ओट्यावर चढली. अन्नपूर्णाबाईंनी पोहरा खाली ठेवला आणि मागे सरकल्या. इंदूनं पाणी ओढलं, घागर भरली, ताठ उतरली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तुळशीरामनं नाही वाजवल्या. तो मला काढायला धावला, तर भगवंतराव आडवे आले, "गावची वस्तू आहे."

मुलं गेली. इंदूचा हात पुन्हा लागू नये म्हणून विहिरीवरचा दोर पाटलांच्या घरी गेला; वरच्या बाया तो तिथून मागून आणतात. आता इंदू स्वतःचा दोर घेऊन येते. तिच्यामागून अन्नपूर्णाबाई येतात, देवाचं नाव घेत आधी रहाट धुतात, मग पाणी ओढतात. आणि वस्तीतल्या बाकीच्या बाया? "पाटील कामावर येऊ देनार नाई, माय," म्हणत माझ्याखालीच घागर धरतात. माझ्यातून आता खरंच थेंब सांडत नाही. पत्रेवाल्यानं काम चोख केलं. अजून कैक वर्षं मी टिकेन.

म्हणून सांगते, मुलांनो, पुन्हा कुठे श्रमदानाला गेलात तर जे गळतं आहे ते बुजवण्याआधी विचारा, की हे कोणासाठी आहे. मला रंग देऊ नका, पुसू नका. उपटून न्या आणि सोजराबाईच्या घराच्या वळचणीला लावा. तिथे आभाळातून पाणी येईल. ते घालायला कोणाला हाक मारावी लागत नाही.