लोर्नाच्या मापाचा कोट

तुम्ही चोर आहात, साहेब. खुर्चीवरचा माणूस बदलला, दारावरची पाटी बदलली, आता तुमचं खातं गोड बोलतं, म्हणून मी माझा शब्द बदलणार नाही. भर दुपारी, पाद्र्याच्या व्हरांड्यात बसून, लिंबाचं सरबत पीत पीत तुम्ही एक पोर चोरलीत. मी तिथेच होते. मला कोणी आत नेऊन ठेवलं नाही, कारण लोखंडाला ऐकू येतं असं कोणाला वाटत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायाने चालवायची. आज माझी रया गेली आहे, पण एका थंड देशातल्या कारखान्यात मला ओतलं तेव्हा माझा काळा रंग आरशासारखा चमकत होता आणि मानेवर सोनेरी वेल होती. खोक्यात बसून मी दोन समुद्र ओलांडले आणि शेवटी एका शिडाच्या गलबतातून या उत्तर किनाऱ्याला लागले. ओहोटी होती. चौघांनी मला खांद्यावर घेतलं आणि चिखल तुडवत निघाले. एकाने विचारलं, यात एवढं जड कोण आहे? दुसरा म्हणाला, "पाद्र्याची सासू असेल. तोंड फिरवून चाल." इथे जावयाने सासूकडे बघायचं नसतं, म्हणून चौघेही माना वळवून चालले आणि हसता हसता मला पाण्यात पाडलं. माझ्यावरचा गंजाचा पहिला डाग त्या हसण्याचा आहे. त्याचा मला राग नाही.

पाद्री ट्रेंगोव, त्यांची मडमबाई आणि त्यांची मुलगी विनी असं ते घर. पहाटे घंटा, मग प्रार्थना, मग पीठ, चहा, साखर आणि तंबाखूचं वाटप. अंगभर झगा नसेल त्या बाईला पीठ नाही. म्हणजे पीठ मिळायला झगा, आणि झगा शिवायला मी. पाद्र्याच्या कॉलरला रोज खळ लागायची आणि दुपारपर्यंत ती घामाने लोळागोळा व्हायची. रात्रीच्या जेवणाला पांढरा टेबलक्लॉथ, काटे-चमचे आणि डब्यातलं मांस. खाली वस्तीवर त्याच वेळी निखाऱ्यात कासव भाजत असे. विनी हळूच तिकडे जायची, ओठ तेलकट करून परत यायची आणि भूक नाही म्हणायची. मग मडमबाई तिचं तोंड हुंगायची.

त्या घरात प्रत्येक जण दुसऱ्याचं तोंड हुंगत होता. दोरे आणि कात्री बिस्किटांच्या डब्यात कुलपात, किल्ली मडमबाईच्या गळ्यात. बायका आपल्याला हसतात असा पाद्र्याला संशय, आणि तो खरा होता. मडमबाईला मी वाईट म्हणणार नाही. तापात ती माणसांच्या उशाशी बसली, बायकांची भाषा शिकली, त्यांच्या भाषेत विनीला अंगाई म्हणायची. पण तिला चांगली म्हणायलाही माझं मन धजत नाही. पुढचं ऐका, मग तुम्हीच ठरवा.

माझ्यावर बसायची मॉडी. मडमबाईने तिला शिकवलं आणि थोड्याच दिवसांत मडमबाई स्वतः नुसत्या कॉलरी शिवण्यापुरती उरली. बाकी सगळं मॉडी. तिच्या पायाला माझी लय सापडली होती. शेजारी तिच्या बहिणी केवड्याच्या पानांच्या चटया विणत बसत. मॉडी धरून चौघी. थोरली बिडी, जिभेने सुईपेक्षा तिखट. मॉडीची मुलगी लोर्ना या चौघींच्या मांड्यांवर लोळायची आणि चौघींना आई म्हणायची. इथे मावशी असं काही नसतं. आईची बहीण ती आईच.

विनीला हे समजेना. तिने एकदा लोर्नाला विचारलं, "तुझी खरी आई कोणती?"

लोर्ना म्हणाली, "सगळ्याच. तुझी एकच आहे? मग ती आजारी पडली की?"

विनी रडवेली होऊन मडमबाईकडे गेली आणि आणखी आया मागू लागली. मडमबाई खूप हसली. रात्री जेवताना तिने ही गंमत पाद्र्याला सांगितली आणि इथल्या लोकांत आया कशा मोजतात तेही समजावलं. मित्रांनो, एवढं ध्यानात ठेवा. तिला माहीत होतं.

लोर्नाचा रंग उजळ होता. तिचा बाप शिंपले काढणाऱ्या गलबतावरचा गोरा माणूस, आला तसा गेला. अशा पोरांवर सरकारचा डोळा असे, त्यांना आयांपासून तोडून गोऱ्यांत वाढवायला दूर नेत, म्हणून बहिणी तिच्या अंगाला चरबी आणि कोळसा चोळायच्या. मडमबाई शनिवारी तिला साबणाने घासून काढायची आणि स्वच्छतेवर दोन शब्द बोलायची. घासण्यामागे नुसती स्वच्छताच होती का, हे मला आजही सांगता येत नाही.

मग एका खेपेला गलबतातून कापडाचा तागा आला. गडद निळी, जाड लोकर. मेंढीचा आणि कापराचा वास. आमच्याकडे बारा महिने कपाळावर घाम असतो. बिडीने कापड नाकाशी नेलं आणि विचारलं, या मेंढीला गुंडाळून पुरायचंय का? मडमबाई हसली नाही. म्हणाली, विनीचा कोट करायचा आहे, आम्ही सुट्टीवर दक्षिणेला जाऊ, तिकडे थंडी असते. मापं तिने स्वतः कापडावर खडूने आखून दिली. आणि त्या दिवसापासून ती माझ्याकडे फिरकली नाही. कॉलरसुद्धा मॉडीलाच शिवायला सांगितली.

मॉडीने कोट टाचला आणि विनीला घालून बघितला. विनी काडीसारखी. कोट तिच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा लोंबला. मडमबाई म्हणाली, वाढत्या अंगाचा आहे. दुपारी सगळे झोपल्यावर मॉडीने लोर्नाला बोलावलं आणि तोच कोट तिच्या अंगात घातला. खांदा खांद्यावर बसला. लोर्नाचा डावा खांदा जरा खाली होता. कोटाचा डावा खांदाही तेवढाच खाली आखलेला होता.

मॉडीचे पाय माझ्या पायपट्टीवर होते. ते थंड पडले. मला कळलं.

"पाहुणे येणार असतील कुणी," मॉडी म्हणाली. "त्यांच्यासमोर नीट दिसावी म्हणून."

"पाहुण्यांसमोर नीट दिसायला झगा आहे की," बिडी म्हणाली. "वरच्या नदीकाठच्या वस्तीत त्या पोराला बूट दिले होते, आठवतं? चिखलात बूट. सगळे टाळ्या वाजवत होते. पुढच्या गलबताने पोरगं गेलं, बूट पायात."

दुसऱ्या दिवशी माझा पट्टा नाहीसा झाला. खालच्या मोठ्या चाकावरून वर फिरणारा चामड्याचा पट्टा. त्याच्याशिवाय मी म्हणजे नुसतं टेबल. मडमबाईने घर उलटंपालटं केलं. पाद्र्याने चोरीवर प्रवचन दिलं आणि पट्टा मिळेपर्यंत चहा आणि तंबाखू बंद केली. बिडी सगळ्यात पुढे बसून मान डोलावत ऐकत होती. झग्याच्या आत, कमरेला, पट्टा तिनेच बांधला होता.

चहा बंद झाल्यावर वस्तीतली काही माणसं कुरकुरली. बिडीने त्यांना विचारलं, चहात पोर बुडवून पिता का?

शेवटी पाद्र्याने आपल्या कमरेचा पट्टा कापून मला लावला आणि विजार दोरीने बांधली. मी तो पट्टा घसरवला. सांगायला लाज वाटत नाही. दोन फेरे सरळ, तिसरा उलटा. दोरा गुंतवला, सुई मोडली. मॉडीने तक्रार केली नाही. तेव्हा मडमबाईने कोट आत नेला आणि हाताने पुरा केला. खिडकीतून ती दिसायची. तोंड सारखं पुसत होती. मॉडीला वाटलं, ती रडते आहे. बिडी म्हणाली, घाम आहे, लोकर मांडीवर घेतल्यावर घाम येतोच. दोघींपैकी कोणाचं खरं, मला माहीत नाही.

बिडीचं म्हणणं, लोर्नाला घेऊन खारफुटीच्या पलीकडे जायचं आणि गलबत परत जाईपर्यंत यायचं नाही. मॉडी तयार झाली होती. पण पाद्र्याला सुगावा लागला. तो स्वतः खाली वस्तीवर आला आणि म्हणाला, पळालात तर वाईट दिसेल. तिला आई नाही असं साहेबांना वाटेल. आई पुढे आली तर पोरीला नेत नाहीत, मी शब्द देतो.

तो वर गेल्यावर बिडी म्हणाली, "याची विजार दोरीने उभी आहे. याचा शब्द कशाने उभा राहणार?"

पण मॉडीने त्याच्याकडून बाप्तिस्मा घेतला होता. ती थांबली.

आणि मग तुम्ही आलात, साहेब. पांढरी टोपी, पांढरे बूट. सरबत आलं. लोर्नाला स्वच्छ धुऊन उभं केलं होतं. तुम्ही विचारलंत, हिची आई कोण?

मॉडी उभी राहिली. "मी."

बिडी उभी राहिली. "मी."

बाकीच्या दोघीही उभ्या राहिल्या. त्यांच्यापैकी एक जरी बसून राहिली असती, तरी तिने त्या पोरीला सगळ्यांदेखत टाकून दिल्यासारखं झालं असतं. चौघी खरं बोलत होत्या. त्या व्हरांड्यात खरं बोलणाऱ्या तेवढ्याच होत्या.

तुम्ही हसलात. "चार आया," तुम्ही म्हणालात. "म्हणजे एकही नाही."

मॉडी पुढे झाली, पोटावर हात ठेवून म्हणाली, ही माझ्या पोटातून आली. तुम्ही म्हणालात, आता वाटेल ते सांगाल. मग तुम्ही मडमबाईकडे वळलात. "बाई, तुम्ही इतकी वर्षं इथे आहात. यातली खरी कोणती?"

एक वाक्य पुरलं असतं. जे तिने जेवणाच्या टेबलावर हसत हसत सांगितलं होतं, तेच. मडमबाईने पाद्र्याकडे पाहिलं. पाद्री पायाखालच्या फळीकडे बघत होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं, जणू मीच काही बोलेन.

"मला नक्की सांगता येणार नाही," ती म्हणाली.

लोर्नाच्या अंगात कोट चढवला. त्या उन्हात. पोर खिशांवर खूश होती, हात घालून बघत होती. किनाऱ्यापर्यंत तुमच्याबरोबर चाललीही. होडीत बसवल्यावर मात्र तिने मागे वळून आपल्या भाषेत विचारलं, "माझ्याबरोबर कोणती आई येणार?"

तुम्हाला ती भाषा येत नव्हती. मडमबाईला येत होती. ती विनीचा हात धरून घरात गेली.

चौघी पाण्यात शिरल्या, गळ्यापर्यंत. तुमच्या माणसाने वल्ह्याने त्यांना दूर लोटलं. पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. ते मी सांगणार नाही.

मॉडी पुन्हा माझ्यावर बसली नाही. ट्रेंगोव मंडळी पुढच्या वर्षी खरंच दक्षिणेला गेली, आणि परत आली नाहीत. मला इथेच ठेवलं. लाकूड वाळवीने खाल्लं, सोनेरी वेल उडाली, ड्रॉवरमध्ये बेडूक राहून गेले. कुठल्याही वस्तीतून कोणी बाई आली की मॉडी विचारायची, "मुलगी पाहिलीस का? खांदे रुंद, डावा जरा खाली." दुसरी खूण तिने कधी सांगितली नाही. विचारता विचारताच ती गेली. मॉडी हे मडमबाईने ठेवलेलं नाव, म्हणून तेवढं मी वापरते. तिचं घरचं नाव आता इथे कोणी उच्चारत नाही. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नसतं. घेतलं की त्याला पुढची वाट सापडत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला काही शिकवून जातात. मी एवढंच सांगते. कोणी तुम्हाला न मागता काही दिलं, तर आधी ते कोणाच्या मापाचं आहे ते बघा.

आता तुमच्या खात्यातून एक तरुण माणूस येतो, साहेब. हळू बोलतो. मला तेल घालतो, गंज खरवडतो, म्हणतो काचेच्या कपाटात ठेवू, शहरातली मुलं बघतील. मला त्याचाही संशय येतो. बिडी आता फार म्हातारी झाली आहे, डोळ्यांनी दिसत नाही. तिने त्याला विचारलं, आमची मुलगी कुठे आहे? तो म्हणाला, शोधतो. पुढच्या खेपेला त्याने तेलाची मोठी बाटली आणली.

मला तेल नको. कपाट नको. तुम्ही नीट ऐका, कारण हे तुम्हाला कळणं अवघड आहे. लोर्ना हेसुद्धा मडमबाईचंच दिलेलं नाव. पोरीचं खरं नाव वेगळं आहे, तिच्या आजीने ठेवलेलं. गेल्या महिन्यात इथे एक मुलगी जन्मली आणि तेच नाव तिला द्यायचं होतं. वस्ती दोन तोंडांनी बोलू लागली. अर्धे म्हणाले, ती जिवंत आहे, नाव घ्यायला मोकळं आहे, द्या. अर्धे म्हणाले, ती मेली असेल तर? तोंड मिटा. बिडी दोघांच्या मध्ये बसून आहे. इतकी वर्षं झाली, तिच्या ओठांवर ते नाव येतं आणि तिथेच अडतं. बाळ बिननावाचं आहे.

म्हणून मी विचारते, आणि उत्तर घेतल्याशिवाय इथून हलणार नाही. तुम्ही पोर नेलीत. ती आहे की गेली? आम्ही तिचं नाव घ्यायचं की नाही?