कोठाराच्या दारातली खडाव

जपानातल्या कावागोए गावच्या त्या गल्लीतली कोठारं दिसायला सुंदर नव्हती. वीतभर नव्हे, हातभर जाडीच्या काळ्या भिंती, जड कौलं आणि पायऱ्या-पायऱ्यांच्या कडा असलेली मातीची दारं. मोठ्या आगीत गावाचा तिसरा हिस्सा जळाला, तेव्हा अशी कोठारं तेवढी उभी राहिली होती. त्यानंतर ज्याला परवडलं त्याने तसंच बांधलं. म्हणजे ती गल्ली भीतीनेच बांधली होती म्हणा ना.

मागच्या अंगणात ओल्या मातीचं मडकं ठेवायचं, रोज त्यात पाणी शिंपडायचं. आग आली की माल आत, दार बंद आणि फटी मातीने लिंपायच्या. वारा आत गेला नाही तर आगही आत जात नाही. सायेला हे सासूने, तोराबाईंनी, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी शिकवलं होतं.

चैत्रातल्या त्या दुपारी वारा सुटला होता. घंटाघराची घंटा घाईघाईने वाजू लागली. सायेचा नवरा कापड घेऊन होडीने तोक्योला गेलेला. दोघी बायकांनीच उरलेले तागे आत टाकले. साये मागच्या अंगणातून मातीचं मडकं घेऊन आली, तिने दार ओढलं आणि लिंपायला बसली. शेवटच्या फटीला माती पुरेना.

"सासूबाई, माती संपली!"

"मग मिसो लाव!" तोराबाईंनी स्वयंपाकघरातून मिसोची, म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या घट्ट लगद्याची, बादली ओढत आणली. "वर्षभर सारात काय घालू, ते आता तुझ्या माहेरचे सांगतील."

दोघी नदीकाठी पळाल्या. सहा वर्षांची किनु सकाळपासून शेजारच्या हात्सुकडे खेळत होती. हात्सु टोफू विकायची. काठावर ती दिसली, पण एकटीच.

"अगं, किनु तर केव्हाच घरी गेली. लपाछपी खेळत होती."

साये मागे वळली, पण गल्लीत आग शिरली होती.

वारा फिरला आणि आग पुढे सरकली तशी ती धावत परतली. स्वयंपाकघर जळून गेलं होतं. कोठार उभं होतं, भिंत तव्यासारखी तापलेली. दाराच्या पायरीशी, राखेत, एक छोटी खडाव पडली होती. तिचा लाल पट्टा अर्धा जळला होता.

किनुची लपायची आवडती जागा कोठार होती. आणि दार सायेने स्वतःच्या हातांनी लिंपलं होतं.

तिने कुऱ्हाड उचलली.

"थांब, सूनबाई!" गेनपाची नावाच्या म्हाताऱ्या गवंड्याने तिचं मनगट धरलं. गल्लीतल्या निम्म्या भिंतींचा गिलावा त्याच्या हातचा. "मोठ्या आगीच्या वेळी एकाने त्याच दिवशी दार उघडलं. आतलं कापड तापून वाऱ्याचीच वाट बघत होतं. माझ्या डोळ्यांदेखत भडकलं. तीन दिवस उघडायचं नाही."

"माझी पोर आत आहे!"

"आत असेल तर दार उघडून तू तिला जाळशील."

"आणि नाही उघडलं तर?"

सायेने मनगट सोडवून घेतलं. तिने दाराला कान लावला, कान भाजला. आत काहीच आवाज नव्हता. तिने हाका मारल्या. जाड मातीने त्या गिळून टाकल्या.

तोराबाईंनी खडाव हातात घेतली. "एकच आहे," त्या हळूच म्हणाल्या. "आत जाणारं माणूस दोन्ही काढून ठेवतं. एक सुटते ती पळणाऱ्याची."

"दुसरी जळली असेल."

"ही राहिली आणि तीच बरी जळली? सायेबाई, मीही तिची आजी आहे."

कुऱ्हाड अजून सायेच्या हातात होती. एकदा तिने ती उगारलीसुद्धा. मग खाली टाकली आणि दाराला पाठ लावून बसली, स्वतःचाच हात पुन्हा उठू नये म्हणून. पाठ पोळत होती. ती हलली नाही.

दिवे लागायच्या वेळी हात्सुची हाक आली. "सापडली! होडीच्या धक्क्यावर, पोत्यांमागे बसली होती चेटकीण!"

किनुचे पाय अनवाणी होते, काळे झालेले. साये तिला इतकी घट्ट धरून रडली की पोर कुरकुरली, "आई, दुखतंय."

"बघितलंस?" तोराबाई डोळे पुसत म्हणाल्या. "खडावेने सांगितलं होतं."

चौथ्या दिवशी गेनपाचीने लेप फोडला. तागे जसेच्या तसे होते. मिसोचा खमंग वास सुटला होता आणि सगळे हसत होते. साये तागे उचलत आत गेली. मागच्या भिंतीशी, पेटीआड, दुसरी खडाव होती.

तिने किनुला बोलावलं. "ही इथे कशी?"

"मी खडावा हातात घेऊन लपले होते. दारात ठेवल्या असत्या तर तू लगेच शोधलं असतंस ना! मग घंटा वाजली आणि खूप भीती वाटली. तू माती आणायला गेलीस तेव्हा मी पळाले. एकच हातात आली, तीपण दारात पायरीखाली पडली."

म्हणजे पोर खरंच आत होती, आणि मागच्या अंगणात जाऊन मडकं आणायला लागतो तेवढ्याच वेळाने वाचली होती. तोराबाई मटकन खाली बसल्या. गेनपाची आपल्या हातांकडे बघत राहिला.

त्यानंतर त्या गल्लीत मडक्याला हात लावण्याआधी जो तो दारातून आत डोकं घालून घरातल्या प्रत्येक पोराच्या नावाने हाक मारू लागला. साये तर किनु शेजारी उभी असली तरी मारायची. एका हाताने तिला धरून, अंधारात वाकून, "किनु!" आणि मग आतून उत्तर येत नाही ना, हे कान देऊन ऐकायची.