कुरडयांवरची मलमल

परदेशीपुऱ्यात कुरडया उघड्यावर वाळवायची सोयच नव्हती. मिलची चिमणी दोन गल्ल्या सोडून उभी, आणि वारा जरा इकडे फिरला की काजळी अशी काही उतरायची की पांढऱ्याशुभ्र कुरडयांना गालबोट लावल्यासारखं व्हायचं. म्हणून भानुमतीबाई आधी गच्चीवर वाळवण घालायच्या, मग त्यावर मिलच्याच मलमलीचे तुकडे पसरून कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या. संध्याकाळी मलमल झटकली की हात काळे. पण त्याबद्दल गल्लीत कधी कोणी कुरकूर केली नाही. चिमणीतून धूर निघतोय म्हणजे घराघरात पगार येतोय, एवढं सगळ्यांना पुरत होतं.

मिल बंद झाल्यानंतरचा हा तिसरा उन्हाळा. मलमल आता संध्याकाळीही सकाळइतकीच पांढरी निघायची, तरी भानुमतीबाई ती पसरायच्याच. "कबुतरं असतात," त्या म्हणायच्या. त्यांचे यजमान कृष्णराव यांना हे कबुतरांचं कारण फार सोयीचं वाटे. मलमल काढून ठेवणं म्हणजे मिल गेली हे कबूल करणं, आणि ते कबूल करायला हा गृहस्थ बिलकुल तयार नव्हता.

कृष्णराव मिलच्या विणाई खात्यात जॉबर होते, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, वीसेक वर्षं. आता राजवाड्यापाशी एका दुकानात बायकांपुढे साड्या उलगडायच्या आणि त्या उठून गेल्या की पुन्हा घड्या घालायच्या, असं काम करत. कोणी विचारलं तर "फिलहाल इथे आहे," एवढंच सांगत. मिलचा खाकी शर्ट त्यांनी इस्त्री करून ट्रंकेत सगळ्यात वर ठेवला होता. भोंगा वाजला की ऐन वेळी शोधाशोध नको. आणि रोज सकाळी चहाचा कप घेऊन गच्चीवर जायचं, चिमणीकडे बघत तो संपवायचा, हा नेम त्यांनी एक दिवसही मोडला नव्हता.

अशा माणसाला त्यांच्या मुलीने, निवेदिताने, एका रविवारी त्याच गच्चीवर आपला बेत सांगितला. बारावी नुकतीच चांगल्या मार्कांनी पास झाली होती. आईबरोबर साबुदाण्याच्या पापड्या घालत होती.

"बाबा, मी ठरवलंय. बी.एस्सी. करणार, एन्व्हायर्नमेंटल सायन्स घेऊन."

"म्हणजे काय?"

"पर्यावरण. हवा, पाणी, माती. कॉलेजात यंदाच सुरू होतंय. मी सरांना भेटून सगळं पूछताछ करून आले."

तिने पळीभर चीक प्लास्टिकवर ओतला आणि पळीच्या पाठीने गोल फिरवला. "हे पहिलं वर्ष. यात केमिस्ट्री, बॉटनी आणि पर्यावरणाची ओळख. केमिस्ट्री सोडता येत नाही, म्हणून मी सुट्टीतच वाचायला घेतलंय." शेजारी दुसरी पापडी पडली. "दुसऱ्या वर्षी लॅब. हवा कशी तपासायची, पाणी कसं तपासायचं. खान नदीवर पण घेऊन जातात, बाटल्या भरून आणायला." मग तिसरी. "शेवटी प्रोजेक्ट. एक जागा आपणच निवडायची आणि तिचा पूर्ण अभ्यास करायचा. त्यानंतर एम.एस्सी., नाहीतर सरळ नोकरी. पीथमपूरला एवढे नवे कारखाने निघतायत, पाणी तपासणारी माणसं त्यांना लागणारच ना?"

पोरीने खरोखर नीट विचार केला होता. कृष्णरावांना ते दिसत होतं, आणि म्हणूनच त्यांचं डोकं जास्त फिरलं.

"म्हणजे तू धूर मोजणार."

"तो पण."

"मोजणार, रिपोर्ट देणार, आणि मग कोणाच्या तरी मिलला ताला लागणार. दिल्लीकडे असंच झालं, युनियनच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं होतं. ज्या विद्येने लोकांच्या चुली विझवल्या, ती माझ्या घरात शिकायची?"

खरं सांगायचं तर इथली मिल धुरापायी बंद झालीच नव्हती. यंत्रं जुनी झाली होती, बाहेरचा माल स्वस्त पडत होता, मिल तोट्यात गेली. कृष्णरावांना हे पक्कं ठाऊक होतं. पण तोट्याला समोर बसवून चार शब्द सुनावता येत नाहीत, आणि मुलगी समोरच बसलेली होती.

संध्याकाळी भानुमतीबाईंचा भाऊ विजय आला. मल्हारगंजात त्याने एसटीडी-पीसीओ टाकला होता आणि तेव्हापासून देशाचं पुढे काय होणार हे त्याला एकट्यालाच कळत होतं. "जीजाजी, जमाना कॉम्प्युटरचा आहे," त्याने निकाल देऊन टाकला. "बी.कॉम. कर म्हणावं, बाजूने एक कोर्स. झाडं मोजून काय मिळणार आहे, भिया?" कृष्णरावांनी मान डोलावली खरी, पण विजयचं आपल्याला पटतंय या गोष्टीनेच त्यांना कसंसं झालं.

फॉर्म भरायची शेवटची तारीख शनिवारची होती. त्यावर पालकांची सही हवी होती. सोमवार गेला, मंगळवार गेला. घरात आरडाओरडा नाही, रुसवाफुगवा नाही. निवेदिता केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून बसायची, कृष्णराव तिच्या बाजूने पाय न वाजवता जायचे. गुरुवारी भानुमतीबाईंनीच तोंड उघडलं. "सही करा, नाहीतर सरळ नाही म्हणा. पण लेकरू असं लटकवून ठेवू नका. मला तिच्याकडे बघवत नाही." कृष्णरावांनी पेपर उघडून तोंडापुढे धरला.

शुक्रवारी सकाळी ते नेहमीसारखे चहा घेऊन गच्चीवर गेले, आणि कप त्यांच्या हातातच राहिला. मिलकडे धूर होता.

"अहो कृष्णराव, बघताय का?" शेजारच्या गच्चीवरून बाबूराव ओरडले. बाबूराव त्यांच्याच खात्यातले. "चालू झाली की हो! सच में चालू झाली!"

बघता बघता गल्ली जागी झाली. कोणी अर्धी दाढी करून बाहेर आलं, कोणी सायकल काढली. भानुमतीबाई जिना चढून धावल्या, कारण त्यांनी नुकत्याच कुरडया घातल्या होत्या आणि मलमल अजून खालीच होती. त्यांना ती नेऊन देण्यासाठी निवेदिताही मागोमाग गेली. मलमल पसरून झाली, विटा ठेवून झाल्या, तरी निवेदिता मिलकडे बघत उभीच होती.

ती खाली आली तेव्हा कृष्णराव आरशासमोर होते. ट्रंक उघडी होती, शर्ट अंगात होता. पोटावर तो जरा ओढत होता, पण कृष्णरावांचं लक्ष नव्हतं. ते चक्क गुणगुणत होते.

"बाबा..." ती दारातून म्हणाली.

"काय गं?"

तिची नजर त्यांच्या शर्टावर गेली. मग पुढे आली. "बटण चुकलंय," म्हणाली, आणि वरून खालपर्यंत सगळी बटणं काढून तिने पुन्हा नीट लावून दिली.

मिलच्या फाटकापाशी शंभरेक माणसं तरी जमली होती, बहुतेक खाकी शर्टांत. फाटकाला कुलूप तसंच. बऱ्याच वेळाने आतून चौकीदार आला आणि एवढे लोक बघून बिचारा घाबरलाच. आवारात गवत कमरेइतकं वाढलं होतं, साप निघत होते, म्हणून वाळलेलं गवत पेटवून दिलं होतं. बस्स, एवढंच. थोडा वेळ कोणी कोणाकडे बघेना. मग मागून कोणीतरी म्हणालं, "चलो भिया, वर्दी घातलीच आहे तर पोहे तरी खाऊ." सगळे हसले. कोपऱ्यावरच्या गाडीवर त्या सगळ्या खाकी शर्टांनी उभ्याउभ्या पोहे-जलेबी खाल्ली, एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी केली आणि आपापल्या वाटेने गेले. कृष्णरावांची जलेबी मात्र कागदातच राहिली.

घरी आले तर निवेदिता दारातल्या ओट्यावर बसली होती. ते तिच्या शेजारी टेकले.

"गवत जाळत होते."

"हं," ती म्हणाली.

त्या 'हं'मध्ये आश्चर्य नव्हतं. कृष्णरावांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

तिने मान खाली घातली. "गच्चीवरून दिसलं होतं. मिलचा धूर काळा असायचा, जड. चिमणीच्या तोंडातून यायचा. हा पांढरा होता, बाबा, आणि भिंतीमागून, जमिनीवरून उठत होता. चिमणी तर कोरडीच होती."

 तीन वर्षं रोज सकाळी त्या चिमणीकडे बघत आलेला माणूस, आणि नेमकं आज कृष्णरावांनी चिमणीच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं. धूर दिसला आणि पुरे झालं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते." तिचा आवाज ओला झाला. "पण तुम्ही गुणगुणत होतात. किती दिवसांनी गुणगुणत होतात."

 

"फॉर्म आण," कृष्णराव म्हणाले.

तिने फॉर्म आणला, पेन आणलं. त्यांनी गुडघ्यावर ठेवून सावकाश सही केली, पण फॉर्म लगेच हातात दिला नाही.

"एक सांगून ठेवतो. हे शिकायचं असेल तर आजच्यासारखं गप्प बसायचं नाही. जे दिसलं ते सांगायचं. समोर मी असलो तरी."

"तुम्ही रागावलात तर?"

"रागावेन की. तरी सांगायचं."

ती डोळे पुसत हसली. कृष्णराव उठले. "चल. उद्या शेवटचा दिवस, गर्दी होईल. आजच देऊन येऊ. दुकानाला दांडी."

"शर्ट बदलताय ना?"

त्यांनी खाली बघून शर्टावरून हात फिरवला. "राहू दे. एवढा इस्त्रीचा आहे, निदान कुठेतरी जाऊन येऊ दे त्याला."

दोघं गल्लीत उतरली तेव्हा गच्चीच्या कठड्यावरून भानुमतीबाई वाकल्या. नवऱ्याच्या अंगावर शर्ट, पोरीच्या हातात फॉर्म, आणि मिलकडे आता काहीच नाही, हे त्यांनी सगळं बघून घेतलं. मिलबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

"अहो, मलमल असू दे का?"

कृष्णरावांनी सवयीने चिमणीकडे पाहिलं. या वेळी अगदी तोंडापर्यंत नीट पाहिलं.

"काढ," ते म्हणाले. "ऊन लागू दे कुरडयांना."