पट्ट्यांची पॅन्ट

अन्ननलिकेत गाठ आहे असं कळल्यावर मास्तरांनी पहिलं काम काय केलं असेल, तर स्वतःची पॅन्ट कमरेत आत घेतली.

घास छातीत अडकायचा. आधी पाव अडकायला लागला, मग भात, मग कुस्करलेला बटाटासुद्धा. माणूस वाळत चालला होता, पण टेलर पडला ना. दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, आपलेच कपडे उसवायचे, आत घ्यायचे आणि अंगाला चापून बसलेल्या शर्टात घरी जायचं. बायको म्हणायची, चेहरा उतरलाय खरा, पण अंगानं बरे दिसता.

मेहुण्याकडे यावर उपाय होता. मेहुण्याकडे सगळ्यावर उपाय असतो. त्याने पैलवानांची पावडर आणली, दुकानातच मिक्सर लावला आणि झाकण लावायचं विसरला. गिऱ्हाईकाच्या पांढऱ्या कोटाला तेवढं पोषण मिळालं. मास्तरांच्या पोटात दोन चमचे गेले, तेही परत आले.

हॉस्पिटलात आहार बघणाऱ्या बाईंनी मागच्याच खेपेला स्पष्ट सांगितलं होतं, की ऑपरेशनला अंगात ताकद लागते. वजन आणखी उतरलं तर पोटातून नळी घालून थेट आतड्यात खाणं सोडावं लागेल. अशा अंगाला कापलं तर जखम भरणार नाही. यातलं मास्तरांच्या डोक्यात फक्त ‘नळी’ तेवढं राहिलं. जन्मभर लोकांची पोटं झाकली आणि आता आपल्याच पोटाला भोक?

जड पडदे नीट लोंबावेत म्हणून खालच्या शिवणीत लोखंडी पट्ट्या घालतात. तपासणीच्या दिवशी मास्तरांच्या पॅन्टच्या कमरपट्ट्यात आणि खाली पायांच्या दोन्ही मोहऱ्यांत तशा पट्ट्या होत्या, बारीक टाक्यांनी शिवलेल्या.

बाहेर बाकावर त्यांना बसवेना. उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. चालताना खुळखुळ व्हायचं. मेहुण्याने विचारलं, हा आवाज कसला? मास्तर म्हणाले, सांधे वाजतात. मेहुण्याकडे त्यावरही तेल होतं.

काट्यावर वजन चक्क वाढलेलं निघालं. बायकोचा जीव भांड्यात पडला. बाईंचा नाही पडला. नुसत्या दुधावर असलेला माणूस फुगतो कसा? त्यांनी पायाला सूज आहे का ते दाबून बघितलं, मग मोजायची टेप काढून मास्तरांच्या दंडाला गुंडाळली. सैल, आणि तिरकी.

इथे मास्तरांचा घात झाला. काट्याशी ते खोटं बोलले होते, पण तिरकी टेप त्यांना बघवेना. त्यांनी ती बाईंच्या हातातून घेतली, एक टोक दातात धरून सरळ लावली आणि दुकानात देतात तशी आरोळी दिली, “दंड, पावणेआठ!”

मास्तरांनी सांगायचं, बायकोने म्हणायचं आणि लिहून घ्यायचं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा संसार. तिच्या तोंडून आपोआप गेलं, “पावणेआठ.” मग ती थांबली.

“अहो, हे तर शाळेच्या गणवेशाचं माप आहे.”

ती पुढे झाली, पॅन्टच्या कमरपट्ट्यावरून बोट फिरवलं आणि पर्समधली छोटी कात्री काढली. टाका उसवला तशी एक पट्टी ठणकन फरशीवर पडली. तिच्यामागून बाकीच्या, आणि त्यांच्यामागून पॅन्ट. मेहुण्याने प्रसंग ओळखून डोळे मिटले.

पॅन्ट वर आली, पण मास्तरांची मान वर येईना. बाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की हे आकडे धरून ऑपरेशन केलं असतं तर टेबलावर तुम्ही झोपणार होतात, पट्ट्या नाही. नळी याच आठवड्यात. अंग भरलं तर पुढचं बघू.

मास्तर उठले, बसले, पुन्हा उठले. बायकोजवळ जाऊन हळूच म्हणाले, “लोकांना दिसेल गं.”

“कसं दिसेल? शर्ट कोण शिवतंय?”

मास्तरांनी खिशातून खडू काढला आणि बाईंना विचारलं, नळी बाहेर नेमकी कुठे येणार? बाईंनी अंदाजाने बोट दाखवलं. त्यांनी अंगातल्या शर्टावर खूण केली, मान वाकडी करून पाहिली, पुसली, पुन्हा केली.

“इथे आतून झडप ठेवतो. दोन बटणं. आणि शर्ट अंगाबरोबर.”

“सैल शिवा,” बायको म्हणाली. “आणि शिवणीत कापड सोडा. मागाहून उसवता येईल इतकं.”

“अर्धा इंच सोडतो.”

“दोन.”

“दोन इंच कोणी सोडतं का? फुगा येतो.”

“येऊ दे,” ती म्हणाली, आणि फरशीवरच्या पट्ट्या वेचून पर्समध्ये टाकायला लागली.