चौदा औंस

“ही वही शोधायला तुला कुणी सांगितलं?” मोरेश्वरांनी खोलीचं दार लावून घेत विचारलं.

“नोबडी, आजोबा. बेसमेंटमध्ये होती,” निधी म्हणाली. सोळा वर्षांच्या या नातीला मराठी बोलता यायचं, वाचता नाही. “म्युझियमवाले मून लँडरवर काम केलेल्यांची नावं कलेक्ट करतायत. तुमचं पण जाईल.”

मोरेश्वरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. साठ वर्षांनी यांना नाव हवं कशाला? पंच्याऐंशी वय झालं तरी पार्सिपनी गावातल्या घराची बेल वाजली की आधी पडद्याआडून बघणारा हा माणूस.

निधीने पान उलटलं. “लेग पार्ट, नाइन्टी-एट औन्सेस? सो हेवी?”

मोरेश्वरांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. “अठ्ठ्याण्णव नाही गं. चौदा. शब्द इंग्रजी असले तरी आकडे मराठी आहेत ते.”

‘१४’ तिला 98 दिसलं होतं. चंद्रावर जाणारं यान बनवणाऱ्या कारखान्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्यालाही तेव्हा तेच दिसलं. यानाच्या पायातला, उतरताना चेपून धक्का सोसणारा भाग मोरेश्वर तोलायचे. एकेक औंस वाचवायला तिथे जिवाचं रान चाललेलं. आणि कारखान्याच्या तक्त्यावर चौदा, पण या परक्या पोराच्या खिशातल्या वहीत अठ्ठ्याण्णव. म्हणजे खोटी वजनं, नाहीतर सांकेतिक भाषा. आमचे आकडे असेच असतात, हे पटवायला मोरेश्वरांनी सांगलीहून आलेलं आईचं पत्र पुढे केलं. वर मराठी आकड्यांत तारीख होती. अधिकाऱ्याने पत्रही ठेवून घेतलं.

तीन दिवस चौकशी झाली, मग विमानाच्या दारांच्या विभागात बदली. वही परत मिळाली, पत्र नाही. यान चंद्रावर उतरलं तोवर आई गेली होती.

“व्हॉट डिड शी राइट?” हे सगळं ऐकून निधीने हळूच विचारलं.

“तू तिथे नक्की काय बनवतोस, म्हणून विचारलं होतं. सांगायची परमिशन नव्हती. म्हटलं, मिळाली की लिहू.”

हे बोलताना त्यांना रडू नाही, राग आला. त्यांनी निधीने आणलेला म्युझियमचा फॉर्म ओढून घेतला आणि बारीक अक्षरांसकट दोनदा वाचला. कारखाना काय, म्युझियम काय, सगळे आतून एकच, याबद्दल त्यांची खात्री होती. तरी त्यांनी वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव लिहिलं. मग ‘इतर माहिती’च्या चौकटीत सावकाश इंग्रजीत उतरवलं: ‘माझ्या आईचं पत्र तुमच्याकडे असल्यास परत करावे. उत्तर लिहायचं राहिलं आहे.’